मोजणीच्या आठवड्यात चाक बंद होतं

आमची वस्ती का उठली, याचं कारण सरकारी कागदात दोन शब्दांत दिलेलं आहे: प्रवाशांचा अभाव. ज्या आठवड्यात हे दोन शब्द तयार झाले, त्या आठवड्यातला एक दिवस मी तिथे होतो. ते कसे तयार झाले हे पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. त्यांतल्या कुणाला लिहिण्याची सवय नाही. मला आहे.

जळगावहून धुळ्याच्या अंगाला जाताना एका ठिकाणी काळी जमीन संपते आणि मुरमाड माळ लागतो. आधी केळीच्या बागा जातात, मग कपाशी, मग बोरी-बाभळी आणि कुसळी गवत. त्या माळावर एक स्टेशन होतं. ते कुठल्या गावासाठी बांधलेलं नव्हतं. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं आणि तिथल्या नाल्याचा झरा उन्हाळ्यातही आटत नव्हता, म्हणून लाइन वळसा घालून नाल्याजवळ नेली होती. एक विहीर, एक उंच टाकी, एक फलाट आणि मास्तरांची खोली, इतकंच स्टेशन.

लाइन पडत असताना सातपुड्यापलीकडून, निमाडातून, मातीकामावर काही कुंभार कुटुंबं आली होती. काम संपल्यावर ती परत गेली नाहीत. नाल्याची माती त्यांना आवडली. पहिल्या मास्तरांनी त्यांना स्टेशनच्या मागची जागा स्वतः दाखवली, कारण उजाड माळावर कर्मचाऱ्यांना शेजार हवा होता. माझे आजोबा त्या कुटुंबांपैकी एकातले. निमाडी बोली आमच्याकडे गाण्यांपुरती आणि शिव्यांपुरती उरली. बाकी सगळं बोलणं खानदेशी झालं.

एका पिढीत घरं वाढली, कौलं आली, मारुतीचा ओटा झाला. रस्ता मात्र आला नाही. वस्ती कुठल्याच गावठाणात मोडत नव्हती. ग्रामपंचायत म्हणायची, ही रेल्वेची माणसं. रेल्वे म्हणायची, ही गावाची माणसं. रस्त्याची गरज आम्हालाही फारशी वाटली नाही, कारण गाडी दारात थांबत होती.

गाडीवाचून आमचा धंदा चालला नसता, हे आधी समजून घेतलं पाहिजे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घरोघर नवी घागर पुजतात. गेल्या वर्षीची चालत नाही. त्याच दिवसांत पुरणाचे मांडे होतात, त्यांना मातीचं मोठं खापर लागतं. होळी ते आखाजी या उन्हाच्या दिवसांत आमची वर्षाची विक्री व्हायची, आणि तो सगळा माल पॅसेंजरने जळगावला, धुळ्याच्या बाजाराला जायचा. बैलगाडीने मुरमाच्या वाटेवरून घागरी नेल्या तर बाजारात पोचेपर्यंत निम्म्या खापऱ्या होतात. एसटीचा कंडक्टर माठ बघून लांबूनच हात हलवतो. रूळ मात्र सपाट. गव्हाच्या काडात बसवलेली घागर गार्डच्या डब्यात ठेवली की जशी ठेवली तशी उतरते.

माल चढवायची आमची एक पद्धत होती. गाडी यायच्या आधी बायका फलाटावर रांगेत उभ्या राहायच्या आणि घागर हातातून हातात डब्यापर्यंत जायची. रांगेत बोलायचं ते चेष्टामस्करीचंच, गंभीर काही बोलायचं नाही, कारण गंभीर बोलताना हात थांबतो, असा समज होता. एखादी नवी सून घागर धरायला कचरली की पुढची म्हणायची, "धर वं नीट, ते घागर शे, तुनी सासू नही!" सासू त्याच रांगेत दोन जागा सोडून असायची आणि तीही हसायची. गाडीची थांबायची वेळ अगदी थोडी होती. पण शेवटची घागर चढेपर्यंत मास्तर हिरवी झेंडी काखेतच ठेवायचे.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यांचं चाक माझे थोरले काका चालवायचे. त्यांना सगळी वस्ती नाना म्हणायची आणि वस्तीत त्यांचाच शब्द चालायचा. त्यांनी घडवलेला माल माझी आई विकायची. तिला आम्ही माय म्हणायचो. जळगावच्या बाजारात तिची एक ठरलेली जागा होती. त्या जागेवर आणि त्या गाडीवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं, आणि मी जळगावात एका दैनिकात कामाला लागलो. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट.

तोपर्यंत त्या लाइनवरची वाफेची इंजिनं गेली होती. डिझेलला नाल्याचं पाणी नको होतं. मग नाल्यासाठी घेतलेला वळसाही नको झाला. लाइन सरळ करायचं ठरलं. नवा भराव वस्तीपासून बराच दक्षिणेला, नाल्याच्या पलीकडून पडू लागला. त्यावर कुणाची हरकत नव्हती. आमची मागणी एकच होती: नव्या लाइनवर, नाल्याच्या पलीकडे का होईना, गाडी थांबू द्या. तिथवर आम्ही माल डोक्यावरून नेऊ. खडीचा ओटा आणि एक पाटी, याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

ती मागणी वर गेली आणि वरून उत्तर आलं की आधी मोजणी होईल. एक माणूस आठवडाभर स्टेशनवर बसेल, स्टेशनला काम किती आहे ते पाहील, आणि त्यावरून नव्या लाइनवर थांबा द्यायचा की नाही ते ठरेल. हे मास्तरांनी येऊन सांगितलं. मोजणी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून होती.

इथे आमची एक रीत सांगावी लागेल. चाक महादेवाचं, अशी आमच्या लोकांची धारणा आहे. वर्षभर ते त्याने वापरायला दिलेलं असतं. महाशिवरात्रीला ते त्याला परत करायचं आणि होळीला पुन्हा मागून घ्यायचं. शिवरात्रीला चाक धुऊन, पूजा करून उलटं टाकतात. मग होळीपर्यंत माती कालवायची नाही, मडकी भाजायचा आवा पेटवायचा नाही, आणि भाजून तयार असलेला माल जिथे असेल तिथून हलवायचा नाही. म्हणजे बाजारही बंद. वर्षातला हा एवढाच काळ असा असायचा की आमच्या स्टेशनवर कुणी चढत नसे. काही जण मुक्ताईनगरच्या यात्रेला जाऊन शिवरात्रीपर्यंत परतायचे. त्यानंतर सगळे घरी.

मास्तर गेल्यावर मारुतीच्या ओट्यावर बैठक बसली. माय तिथे होती, तिच्याकडून आणि पुढे इतर चार-पाच जणांकडून मी ती ऐकली. सगळ्यांच्या सांगण्यात फरक पडत नाही.

एका तरुणाने सोपा उपाय सांगितला. "नाना, आपण नुसतं गाडीमा बसूत. जळगाव जावूत, पलटी येवूत. मोजणीवालाले माणसं दिसतीन."

"रिकामा हाते?" नाना म्हणाले. "तू कुंभार शे का कोना जावई, रिकामा हाते गाडीमा बसाले?"

बैठक हसली.

"थट्टा नको करू नाना. थांबा गया तर मंग काय करशी?"

"थांबा काबरं जाई? तो काम देखाले येई राहिना ना? मंग काम दखाडूत. बठ्ठा माल फलाटवर मांडा."

आणि तसंच झालं. यात कुणाला काही चूक दिसली नाही, आणि त्यांच्या जागी उभं राहिलं तर दिसतही नाही. आजवर आमच्याकडे जो कुणी मोजायला आला त्याने माल मोजला होता. व्यापारी यायचा तो घागरी मोजायचा. मुलगी बघायला पाहुणे यायचे ते आधी मागच्या अंगणात जाऊन रचलेली खापरं बघायचे आणि त्यावरून घर ठरवायचे. कामाचा अंदाज घ्यायला आलेला माणूस घागरी सोडून फलाटावरच्या चपला मोजेल, हे कुंभाराच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सगळ्या घरांतला तयार माल बाहेर आला. आखाजीसाठी महिनोन्महिने घडवलेल्या घागरी, खापरं, रांजण, परळ. बायकांनी फलाट शेणाने सारवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगा लावल्या. पडू नयेत म्हणून प्रत्येक घागरीखाली काडाची चुंबळ. दुसऱ्या दिवशी चाकं उलटी पडली. आता होळीपर्यंत त्या मालाला हात लावायचा नव्हता.

आठवड्याच्या मध्यावर मला सुट्टी मिळाली आणि मी गावी उतरलो. उतरायला जागा नव्हती. डब्याच्या पायरीसमोर घागरी, मागे घागरी, मास्तरांच्या दारापर्यंत घागरी. ऊन पडलेलं होतं आणि सगळा फलाट विटकरी दिसत होता. रुळांच्या बाजूला उडी मारून मी वर आलो. बाकावर पाय वर घेऊन मोजणीवाला बसला होता. विशीतला मुलगा, टेरिकॉटची पँट, मांडीवर छापील तक्त्यांची पाटी. पाय खाली ठेवायला त्याला जागा नव्हती. माय त्याच्यासाठी घरून चहा घेऊन आली होती. पुढचं संभाषण मी तिथेच उभं राहून ऐकलं.

"मावशी, निदान दारासमोरच्या तरी उचला," तो म्हणत होता. "प्रवासी चालतील कुठून?"

"होळी व्हवू दे. मंग उचलसूत."

"होळीपर्यंत? अहो, गाड्या येतात रोज!"

"येऊ दे ना. गाडीले जागा शे. गाडी कोठे फलाटवर चढस?"

त्याला हसू आलं. मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो. "हे सगळं छान आहे मावशी, पण मला हे मोजायचं नाहीये. मला माणसं मोजायची आहेत."

"मंग मोज ना भाऊ. आम्ही बठ्ठा आठेच शेतस."

"गाडीत चढणारी माणसं. तीन दिवसांत एकही चढलं नाही."

"आते कोन चढी? चाक बंद शे."

"मग मी लिहू काय?"

"हाऊच लिख. चाक बंद शे."

त्याने पाटी तिच्यासमोर धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्याने धरली. "बघा, चढणारे, उतरणारे, पार्सल. चाक बंद याला रकाना नाही."

"मंग रकाना पाड," माय म्हणाली. "तुना हातमा पेन्सिल शे ना?"

त्याने रकाना पाडला नाही. चहा पिऊन त्याने कपबशी खाली ठेवायला जागा शोधली आणि शेवटी माझ्या हातात दिली.

तो दोषी आहे असं मी तेव्हाही समजलो नाही. त्याला नेमून दिलेलं काम तो करत होता. पण त्या तक्त्याच्या तळाशी ‘शेरा’ म्हणून दोन ओळींची जागा होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिथे ही गोष्ट मावली असती.

घरी येऊन मी नानांना समजावलं की मोजणी प्रवाशांची आहे. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाई कसी मोजणी? विहीर किती खोल हाई मोजानं व्हई तर कोनी बादली मोजस का?" पण ते उठले, धोतर बदललं, टोपी घातली आणि माझ्याबरोबर संध्याकाळच्या गाडीने निघाले. त्या आठवड्यात त्या स्टेशनवरून चढलेले प्रवासी आम्ही दोघंच. मोजणीवाल्याने आमच्या समोर दोन रेघा मारल्या.

ज्या कार्यालयात हा निर्णय व्हायचा होता तिथे आम्हाला दुपारपर्यंत बाकावर बसवलं. आत बोलावलं तेव्हा साहेब सौजन्याने वागले. त्यांनी नानांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. नानांनी शक्य तितक्या शुद्ध मराठीत रीत सांगितली. मी मागणी मांडली: मोजणी होळीनंतर कुठल्याही आठवड्यात पुन्हा करा. हवी तर एकच दिवस करा.

"होळीनंतर तुमचा सीझन सुरू होतो ना? आखाजीपर्यंत?" साहेबांनी विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं.

"होय."

"मग ती मोजणी ग्राह्य धरता येत नाही. सणासुदीची गर्दी आम्ही वगळतो. सर्वसाधारण दिवस पाहावे लागतात."

मी म्हणालो, "सणाची गर्दी वगळता, तर सणाचा शुकशुकाट का धरता? शिवरात्र ते होळी हाही सणच आहे."

प्रश्न साहेबांना कळला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते म्हणाले, "गर्दी वगळण्याबद्दल नियम आहे. गर्दी नसण्याबद्दल नियम नाही."

हे वाक्य मी बाहेर आल्याबरोबर लिहून घेतलं. बातमीदारीत पुढे मी पुष्कळ कार्यालयांत बसलो, पुष्कळ वाक्यं लिहून घेतली. धरणाखाली गेलेल्या गावांत, बंद पडलेल्या गिरण्यांच्या दारात, सगळीकडे साधारण याच जातीचं वाक्य मला भेटलं. माणूस आधी नियमाच्या मापाने कापायचा आणि मग तो मापात बसत नाही म्हणून त्याला बाहेर काढायचं. कुणी ओरडत नाही, कुणी लाच मागत नाही, पाणीसुद्धा विचारलं जातं. त्यामुळे चीड कुणावर काढावी तेही कळत नाही. नानांना मात्र कळलं होतं. जिना उतरताना ते म्हणाले, "हाऊ साहेब बठ्ठं समजेल शे. न समजणारा व्हता तर बरं व्हतं."

निर्णयाची प्रत काही महिन्यांनी मास्तरांच्या खोलीबाहेर लागली. प्रवाशांचा अभाव. त्याखाली आणखी एक मुद्दा होता, आणि त्याची चीड मला आजही येते: फलाटाचा वापर स्थानिक लोक खाजगी माल साठवण्यासाठी करत असल्याचे आढळले. ज्या गोष्टीने आपलं काम दाखवायचं म्हणून बायकांनी फलाट सारवला होता, तीच गोष्ट अतिक्रमण म्हणून त्यांच्या नावे लागली. थांबा नामंजूर.

त्या उन्हाळ्यात होळीनंतर फलाट नेहमीसारखा भरला, रांगा लागल्या, गार्डचे डबे भरून गेले. ते पाहायला कोणी आलं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात नवी लाइन सुरू झाली आणि जुन्या फलाटावर गाडी येणं थांबलं. मास्तर बदलून गेले. रूळ उचलले, स्लीपर उचलले, खडीसुद्धा ट्रकांतून गेली. उरलेल्या भरावावरून बैलगाडीला सपाट वाट होईल, तेवढी वापरू द्या, असा अर्ज नानांनी माझ्याकडून लिहून घेतला. उत्तर आलं की जागा रेल्वेच्या मालकीची आहे आणि तिचा सार्वजनिक वापर करता येणार नाही. दोन्ही तोंडांना रुळांचे तुकडे उभे रोवून वाट बंद केली. ते तुकडे रोवायला आलेल्या मजुरांनी पाणी आमच्याच घरी मागितलं आणि मायने दिलं.

मी हे सगळं दैनिकात लिहिलं. छापलंही गेलं, आतल्या पानावर. पुढे कुणी खुलासा मागितला नाही आणि कुणी दिला नाही.

त्यानंतरची चार-पाच वर्षं वस्ती मोडत गेली. बैलगाडीने माल नेऊन पाहिला. फुटका माल नाल्यात टाकावा लागला. एक कुटुंब धुळ्याला वीटभट्टीवर गेलं. दुसरं जळगावला. ज्यांच्या मुलांची लग्नं ठरायची होती ती घरं आधी गेली, कारण गाडी थांबत नाही त्या गावात मुलगी कोण देणार. जाताना लोक कौलं उतरवून न्यायचे. घर राहायचं, वर आभाळ. पावसाळ्यात भिंती बसायच्या. ज्या मातीच्या घागरी झाल्या असत्या ती माती पुन्हा नाल्यात वाहून जायची.

माय राहिली. तिला जळगावच्या बाजारातली तिची जागा सोडायची नव्हती, आणि तिथे मांडायचा माल वस्तीतल्याच चाकावर घडायचा. माझ्या खोलीवर राहायला ये म्हटलं तर म्हणायची, "तठे चाक कोठे फिरशी? तुना टेबलवर?"

मग आखाजीच्या आधीची ती सकाळ आली. नव्या लाइनवर, नाल्याच्या पलीकडे, पॅसेंजर उभी राहिली. पुढचा सिग्नल पडला नव्हता, एवढंच कारण. माय आणि आणखी दोघी जणी नाल्यावर कपडे धूत होत्या. गाडी उभी दिसल्यावर त्यांनी कपडे टाकले, धावत घरी जाऊन जेवढ्या मावतील तेवढ्या घागरी डोक्यावर, हातात घेतल्या आणि नाला ओलांडून भरावावर आल्या. गाडी अजून उभीच होती. खालच्या खडीवरून वर चढणं सोपं नव्हतं. आतल्या प्रवाशांनी घागरी घेतल्या, मग हात देऊन बायकांना घेतलं. माय सांगायची, "मी डब्बामा बसनू आनि मले वाटनं, आते व्हई गयं. आते रोज थांबी."

जळगावला तिकीट तपासनिसाने तिघींना बाजूला घेतलं. माझ्या कार्यालयात निरोप आला म्हणून मी गेलो. खोलीत माय बाकावर, घागरी भिंतीशी ओळीने. तपासनीस पावतीपुस्तक उघडून बसला होता आणि त्याची एकच अडचण होती.

"बसलात कुठून?"

मायने वस्तीचं नाव सांगितलं.

"असं स्टेशन नाही."

"नही कसं? मी तठे नांदेल शे."

"बाई, स्टेशन नाही तिथून बसता येत नाही. कुठून बसलात ते खरं सांगा."

"गाडी तठे उभी राहिनी, म्हणीसन मी बसनू. उभी तू करी, आनि खोटी मी?"

बाजूचे दोघे हमाल हसले. तपासनीस हसला नाही. मी त्याला सांगितलं की वस्ती खरी आहे, स्टेशन काही वर्षांपूर्वी तिथे होतं. तो म्हणाला, असेल, पण त्याच्या भाड्याच्या तक्त्यात ते नाव नाही. ज्या ठिकाणाचं भाडं नाही तिथला दंड कसा लावणार? म्हणून त्याने गाडी जिथून सुटते तिथपासूनचं भाडं आणि त्यावर दंड लावला. पावतीवर मायचा प्रवास ज्या शहरातून सुरू झाला असं लिहिलं होतं, ते शहर तिने कधी पाहिलेलं नाही.

दंड मी भरला. त्या दिवशी घागरी तिने बाजारात नेल्या, नेहमीच्या जागेवर मांडल्या, संध्याकाळपर्यंत विकल्या. एकही उरली नाही. मग रिकाम्या हातांनी माझ्या खोलीवर आली, पाय धुतले आणि म्हणाली, "आते तठे राहानं नही. त्या लोकेसना कागदवर ते गाव नही. मी एकली कितला दिन सांगू, शे म्हणीसन?"

मी तिला जळगावातच पिंप्राळ्याला घर घेऊन दिलं असं लोक कौतुकाने बोलतात. कौतुकासारखं त्यात काही नाही. तिला घर होतं.

शेवटी नाना राहिले. नव्वदचं दशक सुरू झालं होतं. त्यांचा मुलगा धुळ्यात स्थिरावला होता आणि न्यायला येत होता, नाना जात नव्हते. एकदा ते तापाने आठवडाभर पडून राहिले आणि ही गोष्ट गुराख्याकडून आम्हाला कळली. तेव्हा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. मी आणि माय जळगावहून गेलो. सामान फार नव्हतं. चाक त्यांनी आधीच कुणाला देऊन टाकलं होतं. मायने कुलूप आणलं होतं. ते कशाला लावायचं हे तिचं तिलाच कळेना, म्हणून परत पिशवीत टाकलं.

नानांची एकच अट होती. "मी ट्रॅक्टरवर जाऊ नही. मना बाप आठे लाइनसाठे उना व्हता. मी गाडीनीच जासू."

मुलगा कासावीस झाला. "नाना, गाडी आठे थांबत नही. तुले माहीत शे."

"माहीत शे."

ते काठी टेकत नाला उतरले, पलीकडे चढले आणि नव्या लाइनच्या कडेला, खडी संपते तिथे, बाभळीखाली बसले. आम्हीही बसलो, दुसरं करणार काय. मायने भाकरीचं फडकं सोडलं, पण नानांनी हात धुतला नाही. आधी एक मालगाडी गेली. मग बऱ्याच वेळाने पॅसेंजर आली. नाना उठून उभे राहिले, टोपी नीट केली, धोतराचा सोगा खोचला आणि गाडीत चढायला निघालेल्या माणसासारखे रुळांकडे दोन पावलं गेले. मुलाने त्यांचा दंड धरला. ड्रायव्हरने लांबूनच भोंगा धरला तो गाडी पार जाईपर्यंत सोडला नाही. खिडक्यांतली माणसं आमच्याकडे पाहत गेली. शेवटच्या डब्यात गार्ड उभा होता, त्याने हाताने मागे सरका अशी खूण केली.

धूळ बसली. नाना खाली बसले. मुलगा काही बोलणार तेवढ्यात मायने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"दुसरी कव्हय शे?" नानांनी विचारलं.

"संध्याकाळी," मी सांगितलं.

त्यांनी उन्हाकडे पाहिलं, मग नाल्यापलीकडे उभ्या ट्रॅक्टरकडे. मग मायच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो त्यांनी पुरता चावून गिळला.

"चाल रे," ते मुलाला म्हणाले. "तुना ट्रॅक्टर तरी उभा शे."